सरळ चढायचं कोणी

बाबा, काल जेवताना तुमच्या नातवाने तुमचा विषय काढला. कॉलेजात त्याला परराष्ट्र धोरण शिकवतात. डोंगरावरच्या त्या लढाईत आपण सीमा ओलांडली नाही, म्हणून जग आपल्या बाजूने उभं राहिलं, असं त्याच्या सरांनी सांगितलं. "आई, आजोबा टीव्हीवर हेच बोलले होते ना? बिल्कुल बरोबर होते यार!" मी हो म्हटलं आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्याला नको होता.

तुमची उमेदीची सगळी वर्षं फौजेला रसद पोचवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर तुम्ही तरुण अधिकाऱ्यांना युद्धांचा इतिहास शिकवायला लागलात. आम्ही लहान असताना दर हिवाळ्यात तुम्ही दादाला आणि मला पानिपतला न्यायचात आणि दुपार टळेपर्यंत डबा उघडू द्यायचा नाहीत. पोटात कावळे ओरडायला लागले की दादा कुरकुरायचा. तुम्ही म्हणायचात, "आता लढून दाखव." मग गवतावर बसून सांगायचात, आपले लोक उपाशी होते हे अर्धंच झालं, आजूबाजूला आपलं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं, हे बाकीचं अर्धं. मराठी माणूस शौर्याच्या गप्पा मारतो, पण धान्य कुठून येणार होतं आणि मदतीला कोण येणार होतं ते विचारत नाही, यावर तुमचा फार राग.

डोंगरावरच्या त्या लढाईच्या उन्हाळ्यात, आपण राहायचो त्या नोएडात घरोघरी नवे चॅनल आले होते. त्यांतल्याच एकाने तुम्हाला गाडी पाठवून बोलावलं. दादा कॅप्टन, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी. आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून बघतोय. निवेदक विचारतो, "सर, सीमा पार करके पीछे से क्यों नहीं घेरते?" तुम्ही शांतपणे सांगता, घेरता येईल, आपली माणसंही कमी जातील. पण आज घुसलेत ते, हे जगाला दिसतंय. उद्या आपणही गेलो की दोघं सारखेच ठरू, आणि पसरलेली लढाई थांबवायला कोणी येणार नाही. "इसलिए सीधे चढ़ना पड़ेगा," तुम्ही म्हणता. तव्यावर पोळी करपतेय आणि आम्ही दोघी जागच्या हलत नाही.

तुम्ही घरी आलात तेव्हा जिन्यात शेजारच्यांनी टोमणा मारला, "इतना डर गए, कर्नल साहब?" तुम्ही पायऱ्या चढत राहिलात. आई मात्र दारातच उभी होती. "सरळ चढायचं म्हणजे कोणी? नाव घ्या ना त्याचं." तुम्ही वाकून बूट काढत होतात. "अगं, आपला मुलगा तिथे आहे म्हणून मी वेगळं बोललो, तर बाकीच्यांच्या आयांना काय सांगू?" आई म्हणाली, "एक दिवस नुसतं बाप म्हणून बोलला असतात." मला दोघांचाही राग आला होता, तुमचा जास्त. पुढच्या आठवड्यात पुन्हा गाडी आली. तुम्ही गेलात आणि शब्दही न बदलता तेच बोललात.

दादा त्या चढणीवर गेला. दारात दोन अधिकारी दिसले तेव्हा तुम्ही आधी स्वतःच्या शर्टाची वरची गुंडी लावलीत आणि मग त्यांना आत या म्हणालात. निर्णय काही तुमच्या बोलण्यावरून झाला नव्हता, हे आईलाही कळत होतं. तिने तुम्हाला कधी दोष दिला नाही. फक्त बातम्या लागल्या की ती उठून आत जायची आणि तुम्ही आवाज कमी करायचात.

तुमचं बरोबर होतं, बाबा. ऑफिसात, पार्टीत कोणी तावातावाने 'घुसायलाच हवं होतं' म्हणालं, तर मी तुमचीच बाजू मांडते आणि चांगली मांडते. पण हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिते. मला देश बरोबर ठरायला नको होता. जगाने आपल्याला खुशाल नावं ठेवली असती. मला दादा हवा होता. तुम्हालाही तोच हवा होता, हे मला माहीत आहे. फक्त तुम्ही ते एकदा मोठ्याने म्हणाल, याची मी तुम्ही असेपर्यंत वाट पाहिली.