सिंगापूरच्या दोन साड्या

८ फेब्रुवारी १९८३, जोहोर
टूरवाल्याने मुक्काम मलेशियात ठेवलाय, सिंगापूरच्या अलीकडे. स्वस्त पडतं म्हणे. उद्या पूल ओलांडून एक दिवस सिं., संध्याकाळी परत. ह्यांना फाउंड्रीसाठी यंत्रं बघायचीत, मला दुकानं. तिथं जकात नाही म्हणून सगळं स्वस्त. हे म्हणतात, "जकात न्हाय? मग गावातले रस्ते कशावर करत्यात?"
निघताना सासूबाईंचं एकच सांगणं, "सुशीलाला इसरू नको. दोघींना एकसारखं." विसरते कशी. लग्न होऊन आल्यापासून मी आणि धाकटी जाऊ एकाच थानातल्या साड्या नेसतोय. रंग तोच, काठ तोच. "दोन सुना, एक थान. तुलना न्हाय, तक्रार न्हाय." कधी कधी आम्ही बँडवाल्या वाटतो.

९ फेब्रु., परतीच्या बसमध्ये
पाय गेले. उकाडा असा की मे महिना आणि पावसाळा एकदम. एका सिंधी शेठचं दुकान सापडलं, हिंदी बोलणारा, हायसं वाटलं. जपानी साड्या. हातात ठरत नाहीत इतक्या मऊ. त्यात एक मोरपंखी. आजवर साडी मी निवडलीच नव्हती, आली ती नेसले. ही मात्र हवीच, असं वाटलं.
"ऐसी दूसरी?" एकच पीस होता.
पुढच्या दुकानात जाऊन जोडी घेण्याइतका वेळ होता. गेले नाही. मोरपंखी घेतली, सु.साठी गुलबक्षी. तीही चांगलीच आहे. पण मोरपंखी नव्हे.
सासूबाईंना थर्मास, भाऊजींना घड्याळ. ह्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "दोन रंग? आई…"

१३ फेब्रु., कोल्हापूर
घरी. वाटेत ठरवलं होतं, आधी सु.ने उचलायची. नाहीतर चांगली स्वतःला ठेवली म्हणेल, आणि खरंच म्हणेल. दोन्ही पलंगावर पसरल्या. सासूबाई मांडीवर थर्मास घेऊन बघत होत्या. सु. एकदा ही, एकदा ती हातात घेऊन बघत होती. मी मनात, गुलबक्षी घे बाई, गुलबक्षी…
"मी मोरपंखी घेतो, अक्का."
घेतली. वाईट वाटलं. खूप वाटलं. दोन भाकरी करपल्या.

१८ फेब्रु., शुक्रवार
नव्या साड्या नेसून दोघी अंबाबाईला. वेणीवाल्या मावशी आम्हाला वर्षानुवर्षं बघतात. म्हणाल्या, "काय ओ, भांडलासा व्हय?" नाही म्हटलं. "मग साड्या येगळ्या कशा?" सु.ला हसू आवरेना. मलाही.

२० फेब्रु.
हसण्यावारी नेलं ते अंगाशी आलं. फाउंड्रीत कुणीतरी भाऊजींना विचारलं, "वाटणी झाली म्हणं तुमच्यात?" सुना वेगळ्या रंगात फिरल्या म्हणजे चुली वेगळ्या झाल्या! भाऊजी तापून घरी आले. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "म्हणून सांगत हुतो. साड्या पेटीत ठेवा. पाडव्याला परत एक थान." ह्यांनी आमटीतून मान वर काढली नाही.
साडी गेली ती गेली. आता निवडणंही गेलं.

२२ फेब्रु.
धुणं वाळत घालताना सु.ने विचारलं, "मोरपंखीवरनं रागावलासा?" हो म्हटलं. खोटं कशाला.
ती पिळलेलं लुगडं तसंच धरून उभी राहिली. "अक्का, माहेरी न्हाय, सासरी न्हाय, कुणी इचारलंच न्हवतं, तुला कुठली पायजे. तुम्ही इचारलासा. तुमचं मन राखायला गुलबक्षी घेतली असती, तर इचारण्याला अर्थ काय ऱ्हायला असता?"
राग कुठल्या कुठे गेला.
थोड्या वेळाने, "शेजारच्या बारशाला मोरपंखी तुम्ही नेसा की. मी गुलबक्षी." इतक्या वर्षांत हे सुचलंच नव्हतं. सगळं एकसारखं असलं की अदलाबदलीची मजाच नाही.

२५ फेब्रु.
बारसं. नेसले! सासूबाईंनी दारातून आम्हाला बघितलं. पेटी कुणी उघडली, विचारलं नाही. मोरपंखीचा पदर मात्र बोटांत धरून बघितला.

१० एप्रिल
पाडव्याच्या साड्या, महाद्वार रोड. तिघी. दुकानदार काही न विचारता हिरवं थान काढून, "दोन कापू न्हवं, आजी?" सासूबाईंचा हात थानावर. सु.ने पायाने माझा पाय दाबला. शेवटी मीच बोलले. "आत्ती, ह्या वेळी आम्ही निवडू?"
सासूबाई, थानाकडेच बघत, "आधी माझी निवडू दे. सासूनं दिली ती नेसलो, मग ल्योकांनी आणली ती. मी बी कधी निवडल्याली न्हाय."
दुकानदाराने अख्खी गादी भरून साड्या पसरल्या. ही उचल, ती ठेव. चहा झाला, दुकान बंद व्हायची वेळ झाली, ठरेना. उद्या परत जायचंय.
हिरवं थान त्याने बाजूला राखून ठेवलंय. त्याचं काय करायचं ते सासूबाई अजून बोललेल्या नाहीत.