किरकोळ सुधारणा

ता. ९ जून, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. पुढचं 'विनंती विशेष' वगैरे मनातल्या मनात वाचून घे.

तुझं पत्र मिळालं. वहिनीच्या गुडघ्याचं वाचलं. तिला म्हणावं, गुडघा दाखवायला तीन जिने चढायला लावणारा डॉक्टर आधी बदल. इकडे ठीक. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेलं, त्यामुळे माझी बढती झाली असं समजायला हरकत नाही. टेबलाशेजारी खिडकी आलीय. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पण खिडकी ती खिडकी.

आपलं टूल आता कॉम्प्युटर रिपेअरच्या दोनशे साठ दुकानांत वापरतात. 'आपलं' म्हणते, कारण तू नसतास तर ते झालंच नसतं. एक मशीन तपासायला तू सहा वेगवेगळे प्रोग्रॅम उघडून बसायचास. मी म्हटलं, सगळं एका पेनड्राइव्हमध्ये घालून देते, शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा कागदही छापून येईल. तू म्हणालास, "आयुष्यात स्क्रूड्रायव्हर धरला नाहीस, उंटावरून शेळ्या हाकणार तू!" आणि मग दोन रविवार मला शेजारी बसवून एकेक मशीन उघडून दाखवलंस. कागदावर 'दोष आढळला नाही' हे हिरव्या अक्षरांत छापायचं, हेही तुझंच. हिरवं बघितलं की गिऱ्हाईक भांडत नाही म्हणे.

गोडाऊनमध्ये तुझं बरं चाललंय असं लिहिलंस. खोक्यांवर लेबलं चिकटवायची, सहा वाजता घरी, डोक्याला ताप नाही. वाचून मला बरं वाटायला हवं होतं. पण खाली तू लिहिलंस, "त्या वेळी बहुतेक मीच तपासणीचं बटण दाबायचं विसरलो असेन. हल्ली गॅससुद्धा दोनदा उठून बघतो." वहिनीने फोनवर वेगळंच सांगितलं. शेजारच्या काकांनी लॅपटॉप आणला, तर तू हात मागे बांधून उभा राहिलास आणि "आता मला जमत नाही" म्हणून परत पाठवलास.

पंधरा वर्षं हेच काम केलेला माणूस.

आता मीटिंग आहे. उरलेलं नंतर लिहिते.

ता. ११ जून

मीटिंग नव्हती. मी खोटं लिहिलं. पेन खाली ठेवलं आणि भिंत बघत बसले.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तू "जाऊ दे गं" म्हणून विषय बदलला असतास आणि मीही जाऊ दिलं असतं. म्हणून कागदावर.

तो आर्किटेक्टचा कॉम्प्युटर तू तपासून दिलास आणि चौथ्या दिवशी त्याची डिस्क बसली. अकरा महिन्यांची ड्रॉइंग्ज गेली. दुकानात येऊन त्याने आरडाओरडा केला. कागद तर हिरवा होता. तू दुकानाच्या मालकांना म्हणालास, "तपासणी जरा लवकर संपल्यासारखी वाटली होती." तेव्हा मालकांनी मला फोन केला. तुला हे माहीत नाही. त्यांनी विचारलं, "टूल चुकू शकतं का?" मी हातातला चहा खाली न ठेवता म्हणाले, "टूल चुकत नाही. त्यानेच घाईत तपासणी सोडून दिली असेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला काढलं. संध्याकाळी तू आमच्याकडे जेवायला बसलास, तेव्हाही मी नाकाने कांदे सोलले: "दादा, थोडं लक्ष देत जा ना."

इथपर्यंत निदान मला खरं माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका दुकानातून तशीच तक्रार आली. शोधायला वीस मिनिटं लागली. डिस्क मध्येच अडकून उत्तरच देईनाशी झाली, तर माझी तपासणी तिथल्या तिथे संपायची. तपासणीच झाली नाही, म्हणून दोषांची यादी रिकामी. आणि यादी रिकामी दिसली की माझा प्रोग्रॅम खुशाल हिरव्यात छापायचा, दोष आढळला नाही. डॉक्टरने पेशंटला न बघताच 'ठणठणीत' लिहून द्यावं, तसं. प्रोग्रॅमच्या चार ओळी होत्या. चारही माझ्या हातच्या.

मी त्या दुरुस्त केल्या. नवीन आवृत्ती दुकानांना पाठवताना काय बदललं ते लिहावं लागतं. मी लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'.

आणि सात महिने मूग गिळून बसले. कारण विचारशील. घाबरले, दुसरं काय! आधी वाटलं, शंभर दुकानं टूल घेणार आहेत, ती तेवढी होऊ देत. मग वाटलं, तुला आता नोकरी लागलीय, कशाला जुनं उकरायचं. रोज नवीन कारण मिळायचं. मला लाज वाटते दादा, पण हेही खरं की त्या सात महिन्यांत मला झोप नीट लागत होती. तुझं परवाचं पत्र आलं आणि मग लागेना.

काल मालकांकडे जाऊन समोरासमोर सगळं सांगितलं. ते बराच वेळ काउंटर पुसत राहिले. मग म्हणाले, "मग हे त्याने तेव्हाच का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत आणि मी ऐकू दिलं नाही." ते तुला फोन करतील. उचलायचा की नाही ते तू ठरव, त्यांची बाजू मी घेणार नाही. आर्किटेक्टला मी पत्र टाकलंय. दोनशे साठ दुकानांनाही आज सकाळी खरं काय ते लिहून कळवलं, आमच्या साहेबांना न विचारता. दुपारी त्यांनी आत बोलावलंय. तिकडे काय होईल ते होईल.

आता मुख्य गोष्ट. ज्या दिवशी काढलं, त्या दिवशी तू तुझा पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर टाकून गेला होतास. टूल त्यावर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवतं. इतके दिवस मी तो उघडला नव्हता, मुद्दामच. तुझं पत्र वाचून उघडला आणि त्या आर्किटेक्टच्या मशीनची नोंद काढली.

चार वाजून दहा मिनिटं, डिस्क तपासणी सुरू. दोन सेकंदांत समाप्त. चार वाजून बारा मिनिटं, डिस्क तपासणी पुन्हा सुरू. पुन्हा दोन सेकंद.

तू बटण दाबलं होतंस. शंका आली म्हणून दुसऱ्यांदाही दाबलं होतंस. तुझ्या हातांनी काहीही सोडलं नव्हतं, दादा. दोन्ही वेळा तुझ्याशी खोटं बोलल्या त्या माझ्याच चार ओळी.

मला शिव्या घाल, बोलू नकोस, तुझी मर्जी. पण 'मीच विसरलो असेन' हे पुन्हा कुठे लिहू नकोस आणि मनातही आणू नकोस. त्या नोंदीचा छापील कागद सोबत जोडलाय. वहिनीला वाचून दाखव. मोठ्याने.

तुझं नाव घालवून सात महिने गप्प बसलेली,
तुझी धाकटी बहीण