दार नसलेल्या खोलीचा एसी

तात्या,

आईच्या खोलीत एसी बसवला. तुमच्या लेखी एसी म्हणजे बँकेतला. काम उरकलं तरी तिथल्या बाकावर उगीच बसून राहायचात. आता तो आपल्या घरात आहे, तुम्ही गेलात त्याच खोलीत. गेल्या वर्षी वैशाखात आई गॅसपुढे चक्कर येऊन पडली. उन्हात कुठे गेलीही नव्हती, घरातच ऊन लागलं, तुम्हाला लागलं होतं तसंच. डॉक्टर म्हणाले, आता हृदय थकलंय, येता उन्हाळा खोली गार ठेवा, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. मी मान हलवली. रडू वगैरे आलं नाही. तुम्ही गेल्यापासून माझं असंच आहे; वाईट बातमी कानापर्यंत येते, पुढे सरकत नाही.

नगरला दुकानात गेले. प्रत्येक मशीनवर एक कागद चिकटवलेला, त्यावर तारे. मला वाटलं, जास्त तारे म्हणजे जास्त गारवा. दुकानातला माणूस बोलका होता. म्हणाला, "गारवा टनावर, मॅडम. तारे सांगतात तेवढ्याच गारव्याला वीज किती खाणार ते. आणि नुसते तारे मोजू नका, लेबल कोणत्या सालचं ते बघा. नियम कडक होत जातात, जुन्या लेबलचे पाच तारे आज चारच भरतील." ताऱ्यांखाली वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेलं होतं. ते ठरावीक तास चालेल असं धरून काढतात. आपण जास्त चालवला तर जास्त. दिवसभर चालवायचा असेल तर पाच तारेच घ्या, म्हणाला. मी मन लावून ऐकत होते. तुम्ही आपल्या दुकानासाठी तेलाचा डबा घेताना नाकाशी धरून, बोटांवर चोळून बघायचात, तशी मी त्या कागदावरून बोट फिरवत होते. मग त्याने विचारलं, खोलीला दारं-खिडक्या किती? म्हटलं, खिडकी एक, दार नाही. तो हसला. "दार नाही म्हणजे? कुठल्या तुम्ही?" शनिशिंगणापूरची म्हटल्यावर त्याने आधी हात जोडले आणि मग डोकं खाजवलं. "मग अवघडंय. खोली बंद नसली तर मशीन थांबणारच नाही. पाच तारे घ्या नाहीतर तीन, सगळा गारवा ओसरीवर जाणार." तरी मी पाच ताऱ्यांचाच घेतला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

दारावरून तुम्ही मला एकदाच बोललात. दहावीला होते. अभ्यासाला निवांतपणा हवा म्हणून मी चौकटीत दोरी बांधून त्यावर चादर आवळून खिळे ठोकले होते. तुम्ही दुकानातून जेवायला येता, चादर बघता, आवाज न चढवता एकेक खिळा उपसून काढता. "पडदा लाव, कुत्रं शिरू नये म्हून फळी टेकव. पन टेकवायची, ठोकायची न्हाई. ठोकली की आपला देवावरचा भरवसा उडाला आसं व्हतं." आणि तेच तुम्ही, मी नगरला होस्टेलवर निघाले तेव्हा माझ्या ट्रंकेवर नवंकोरं कुलूप ठेवलंत. उभ्या जन्मात कधी कुलूप घेतलं नव्हतं. कुलूपवाल्याकडून उघडझाप शिकून आला होतात आणि मला शिकवताना किल्ली उलटी घालत होतात. "तिकडं लागतं," एवढंच म्हणालात. मी हसले होते. तुम्हीही हसलात.

एसी लावला आणि झालंही तसंच. पडद्याखालून गारवा ओसरीवर, शेजारची मांजरं तिथे येऊन पसरलेली, आणि खाटेवर आई घामाघूम. मशीन घरघरतंय, क्षणभर थांबत नाही. तेव्हा आईनेच तोड काढली. "प्लायवूडची फळी आन. टेकव. टेकवलेली चालती." टेकवली. खोली गार झाली, आईला झोप लागली. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपल्या दुकानातून आले तर आतून बारीक हाक. मोरीकडे जायला उठली, फळी तिला सरकेना, तिथेच भिंतीला धरून खाली बसली होती. लुगडं ओलं झालेलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कोंडू नगं गं. उन्हानं गेले तरी चालंल."

मी तिला धुतलं, बदललं, निजवलं. त्या वेळी आतून काहीतरी हललं, तात्या. बऱ्याच वर्षांनी. ते दुःख नव्हतं, राग होता. कुणावर ते कळेना.

गावातल्या सुताराने हात जोडले. "ताई, चौकट म्हणा, खाट म्हणा, करून देतो. बिजागरी न्हाई लावायचो." नगरहून माणूस आणला. हलकं दार, बोटाने लोटलं तरी उघडेल असं. कडी नाही, कोयंडा नाही, तेवढं मी पाळलं. तो स्क्रू पिळत होता तेव्हा आई ओसरीवर पाठ करून बसली होती. शेजारच्या काकी येऊन बघून गेल्या. काम झाल्यावर आई उठली, दार एकदा लोटलं, एकदा ओढलं, आणि आत जाऊन आडवी झाली. थोड्या वेळाने खोली गार झाली आणि बाहेरचं घरघरणं आपोआप बारीक होत बंद पडलं. मी घाबरून आत डोकावले. झोपली नव्हती. छताकडे बघत म्हणाली, "हे तवा आसतं तर ते ऱ्हायले आसते, न्हाई?"

तुम्ही दार लावू दिलं असतंत का, हे मला अजून ठरवता येत नाही. कुलपाचं आठवतं तेव्हा वाटतं, हो. खिळ्यांचं आठवतं तेव्हा वाटतं, नाही. उन्हाळा सरत आला, आई जेवतेय, भांडतेय, टीव्हीचा आवाज वाढव म्हणतेय.

हा कागद आता घडी करून ठेवून देते. तुम्हाला पोचवायचा कुठे? एवढंच सांगायचं होतं की बिजागरी बसवताना लोकांनी मला विचारलं, देवाची भीती वाटत नाही का. नाही वाटली. भीती वाटली ती तुमची. आणि तरीही मी त्या माणसाला म्हटलं, बसवा.