दोनदा उलटलेली दोरी

कात्सुमोतो, इकी बेट
३ ऑक्टोबर

चि. सोहेई यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. माकूल सुकवून ठेवलेत, पुढच्या बोटीनं पाठवते. तुझ्या बायकोचा खोकला कसा आहे?

आमच्या घरात मात्र शिमगा चाललाय. परवा आपल्या एबिसु-मारू बोटीवर एवढा मोठा कांपाची मासा गळाला लागला होता की देवळाच्या उत्सवाला यंदा आमच्याच बोटीचा मासा चढला असता. बोटीच्या काठाशी येता येता गळाची दोरी तुटली. हे म्हणतात, दोरी आपोआप तुटूच शकत नाही, गेंगोनं सुरी लावली. का, तर उत्सवाचा मान त्याच्या भावाच्या बोटीला मिळावा! तीस वर्षं एका बोटीवर भाकरी खाल्लेला माणूस, त्याला यांनी धक्क्यावर चारचौघांत चोर म्हटलं. गेंगो एक शब्द बोलला नाही. मुकाट्यानं टोपी उचलून घरी गेला. त्याचं गप्प बसणंच यांना कबुलीसारखं वाटतंय. महिनाअखेर बोटीची भागी मोडायची म्हणतात. गुडघ्याचं हे असं, एकट्याला समुद्र झेपणार आहे का?

दोरी तुझ्याच दुकानातली. राग मानू नकोस, पण ताईच्या गळ्यात जुना माल तर मारला नाहीस ना? तुटलेल्या टोकाचा हातभर तुकडा सोबत ठेवलाय. बघ आणि खरं ते सांग.

लोभ आहेच, तो दोरीपेक्षा जास्त टिकावा.
तुझी ताई,
फुसाए

हाकाता
९ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि. खोकला बरा आहे. जुन्या मालाचं वाचून जेवण गेलं नाही, एवढंच लिहितो!

विणलेल्या दोरीला काही तारीख नसते. गोड्या पाण्यानं धुतली, उन्हात टाकली नाही, तर ती वर्षानुवर्षं चालते. रंग उडाला म्हणून ती मरत नाही. पण तिच्यावर लव उठली, नखाखाली खरखरीत लागली, की मोह सोडायचा. भावोजींसारखा रोज समुद्रावर जाणारा असेल तर दीड-दोन वर्षांत एकदा उलटायची, म्हणजे रिळाच्या पोटातली कोरी बाजू बाहेर येते. त्यानंतर पुढच्या खेपेला नवीनच घ्यायची.

तू पाठवलेला तुकडा हातभर लवेनं भरलाय. सुरीचा घाव एका जागी असतो गं, हातभर नसतो. हे सगळ्यात जुनं, झिजलेलं टोक आहे. ते पुढे कसं आलं? चार वर्षांपूर्वी मी स्वतः गुंडाळून दिली होती. दर दहा मीटरला रंग बदलतो: निळा, मग नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा, पुन्हा निळा. आता रिळावर बाहेरच्या टोकाकडून आत जाताना निळ्यानंतर कोणता रंग येतो ते बघ. आणि ताई, तू माझ्यापासून काही लपवत तर नाहीस ना? तुझं पत्र जरा जास्तच सरळ आहे.

माया आहे तशीच ठेव, संशय मात्र कमी कर.
तुझा,
सोहेई

कात्सुमोतो
१३ ऑक्टोबर

चि. सोहेई यास,
आशीर्वाद. लहानपणापासून तू असाच मेला चोंबडा!

हो, लपवलं. ऑगस्टात ओबोनच्या सणाला बोटी बंद होत्या, तेव्हा हे पितरांच्या दिव्यांच्या गडबडीत असताना मी शेडमध्ये बसून दोरी उलटी गुंडाळली. तूच फोनवर सांगितलं होतंस ना? यांना बोलायची सोय नाही. बाईनं सामानाला हात लावला तर बोटीची देवी रुसते म्हणतात. पण चार वर्षांची दोरी बघून मला राहवेना.

आता ऐक. मी उलटली, म्हणजे निळ्यानंतर जांभळा यायला हवा. येतो नारिंगी! म्हणजे तू दिलीस तशीच सुलटी. माझ्याआधी कोणीतरी उलटली होती, आणि मी ती परत होती तशी करून बसले. तो कोणीतरी म्हणजे गेंगोच, दुसरं कोण? आता मलाही त्याचा संशय यायला लागलाय. काल बाजारात त्याची बायको दिसली, तर मी मान फिरवली.

उत्तर लगेच पाठव.
तुझी ताई

हाकाता
१७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. मान फिरवायची घाई झाली तुला.

गेल्या डिसेंबरात भावोजी दुकानात आले होते. नवीन दोरी हातात घेतली, किंमत विचारली, परत ठेवली. मी त्यांनाही उलटायचं सांगितलं. ताईला कळू देऊ नकोस, असं त्यांनी बजावलं. तुम्हा दोघांना एकच सल्ला दिला आणि दोघांशीही गप्प राहिलो, हे पाप माझं.

दोन जानेवारीला पहिल्यांदा बोटीवर चढताना सगळं सामान नवं असावं लागतं ना? त्या दिवशी भावोजींनी गेंगोला काय सांगितलं होतं, ते विचार. आणि आधी तुझं सांग.

सोहेई

कात्सुमोतो
२५ ऑक्टोबर

चि. सोहेई यास,
अनेक आशीर्वाद. सांगितलं बाबा. देवीचं नाव घेऊन ओरडतील असं वाटलं होतं, पण यांनी आपलंच कबूल केलं. जुनीच दोरी उलटून दोन जानेवारीला गेंगोपुढे नवी म्हणून ठेवली होती, वर देवीला साकेही चढवली. कोरी बाजू पुढे आहे या खात्रीनंच त्यांनी त्याला चोर ठरवलं. मला रडू आलं, आणि रागही आला.

आम्ही दोघं बाटली घेऊन गेंगोच्या दारात गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, जानेवारीतच कळलं होतं. तीस वर्षं अंगठ्याखालून रंग मोजतोय, उलटे लागले तेव्हाच ओळखलं. यांची लाज राहावी म्हणून बोलला नाही. ओबोननंतर रंग सुलटे झाले, तेव्हा त्याला वाटलं, यांनी अखेर खरंच नवी आणली. म्हणून तर त्या दिवशी त्यानं मासा ओढताना हात राखला नाही. धक्क्यावर चोर म्हटलं, तेव्हा एवढं सांगितलं असतं तर सुटला असता. नाही सांगितलं. त्याच्या बायकोनं मला चहा दिला, सोहेई. तिच्याकडूनच मी मान फिरवली होती.

भागी मोडली नाही. तू पाठवलेली नवी दोरी मी दोघांसमोर रिळावर चढवली, देवीला रुसायचं तर रुसू दे. गेंगो रोज बोटीवर येतो. पण दोरी पाण्यात सोडण्याआधी तो यांच्यासमोर रंग मोठ्यानं मोजतो, निळा, नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा. पूर्वी मनात मोजायचा. हे मान खाली घालून शेवटच्या रंगापर्यंत ऐकत उभे राहतात.

माकूल मिळाले का ते कळव. चुकलेल्या ताईवरचा लोभ कमी करू नकोस.
तुझी,
फुसाए