मिरचीची ओटी

प्रिय समीक्षा,

घरात दोन-दोन मोबाइल असताना आई कागद-पेन घेऊन बसली म्हणून हसशील. हस. पण फोनवर तू मला बोलूच कुठे देतेस? काल म्हणालीस, "आई, कोनाले काही सांगू नको, मी ते खोकं बाजूले काढून घेते," आणि फोन ठेवूनही दिलास. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं, आज दूध उतू गेलं, आणि तुझे बाबा विचारतात, "काऊन गं, कुठं लक्ष हाय तुझं?" जसं काही त्यांना माहीतच नाही. आपल्या गावच्या गोकुळचा ट्रक दुपारी खामगावहून सरकीची ढेप घेऊन तुमच्या बंदराकडे निघतोय. तुमच्याकडची तपासणी व्हायच्या आत हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला बजावलं आहे.

आधी माझी बाजू ऐकून घे, मग रागाव. दिवाळीत तू गटाच्या शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं होतंस की खोक्यात मिरचीशिवाय काही जाता कामा नये, मिरचीचं पानसुद्धा नको. मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, पोरगी कचऱ्याबद्दल बोलते आहे. ओटी काय कचरा आहे? आपल्या शेतकरी गटाची हिरवी मिरची पहिल्यांदाच समुद्रापार चालली होती. सगळ्यांनी किती जपून तोडली, देठाला धक्का लावला नाही, आणि ती अशी रिकामीच निघणार? मला ते बघवेना. बाया खोकी भरत होत्या तेव्हा मी घरून खण आणला, पसाभर गहू, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी बांधली आणि पहिल्या खोक्यात मिरच्यांखाली ठेवून दिली. खोक्याला लाल दोरा बांधला. एवढंच केलं. आणि काल मोठ्या उत्साहानं तुला विचारलं, ओटी नीट पोचली का? तू एवढंच विचारलंस, कोणत्या खोक्यात.

मागच्या थंडीत तू मला बंदर दाखवायला नेलं होतंस, ते काल दिवसभर डोळ्यांपुढे होतं. मी म्हटलं होतं, हे तर आपल्या खामगावच्या मार्केट यार्डासारखंच आहे, तसाच वजनकाटा, तशीच गोदामं, तसेच चहा पीत बसलेले ड्रायव्हर, फक्त पलीकडे बैलगाड्यांऐवजी जहाज. तू किती हसलीस! मग धक्क्यावर उभं राहून दाखवलंस की भरती येईपर्यंत मोठं जहाज बाहेरच थांबतं, छोटी बोट जाऊन त्याला ओढून आत आणते. एका गोदामात खताचा डोंगर पाहून मी थबकले. आपण कपाशीला टाकतो ते खत असं समुद्रातून येतं, हे मला या वयात कळलं. आणि तुझं शीतगोदाम! बाहेर घाम, आत शाल. तिथं येणारा माल बघून 'हा स्वच्छ आहे' असं लिहून देणं तुझं काम. तू म्हणालीस, जहाजावरचा कप्तान खोकं उघडून बघत नाही, तो तुझ्या शब्दावर माल घेतो. माझी पोरगी, आणि तिच्या शब्दावर जहाज चालतं! गावात आल्यावर मी हे इतक्या जणींना सांगितलं की बाया मला टाळायला लागल्या.

आता तोच शब्द तू माझ्यासाठी खोटा करणार. तुला मी दोष देत नाही. आईनं घोळ घातला हे साहेबांना कसं सांगायचं, असं वाटलं असेल तुला. माझी लाज राखायला निघालीस. आणि खरं सांगू? फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला बरंच वाटलं. संध्याकाळी वामनराव आले. गटाचे अध्यक्ष, त्यांना सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "वहिनी, पोरगी हुशार हाय तुमची. एक खोकं काढलं का विषय खतम. कोनाले समजून राह्यलं!" त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. खरं सांगितलं तर सगळी खोकी फोडून बघणार, तोवर हे जहाज निघून जाणार, पुढचं आठ दिवसांनी. तोवर तिकडचा व्यापारी मिरची नको म्हणाला तर? इकडे झाडावरचा माल लाल व्हायला लागलाय, आणि गटातला प्रत्येक माणूस येता-जाता आपल्या दाराशी थांबून विचारतो, "समीक्षाचा फोन आला का हो?" मी हो म्हणते आणि आत पळते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आज सकाळी दळण काढायला गव्हाची कोठी उघडली, तर आत सोंडे, धान्यातले किडे. वरवर नाही, बुडापर्यंत. त्याच कोठीतले गहू मी त्या खणात बांधले आहेत. कापडातून सोंडा बाहेर पडायला कितीसा वेळ, आणि तुमच्या खोक्यांना तर हवेसाठी भोकंच ठेवलेली. तू लाल दोऱ्याचं खोकं काढशील आणि बाकीची स्वच्छ म्हणून लिहून देशील. ती स्वच्छ असतील याचा आता भरवसा नाही, समीक्षा. बाबांना कोठी दाखवली. त्यांनी मूठभर गहू तळहातावर घेऊन पाहिले, मग म्हणाले, "लिव्ह तू. गोकुळले मी थांबवून धरतो." ट्रक निघाला की मी वामनरावांकडे जाणार आहे. आधी गेले तर ते हे पत्र जाऊ द्यायचे नाहीत. लोक बोलतील, ते मी ऐकून घेईन. माझ्यामुळे त्यांचा माल अडला, त्यांना बोलायचा हक्क आहे. तू मात्र एकही खोकं हलवू नकोस. हे पत्र साहेबांना दे आणि त्यांच्यासमोर सरळ उभी राहा. ओटी समीक्षाच्या आईनं ठेवली, समीक्षाला त्याची खबरही नव्हती, हे त्यांना माझ्याच अक्षरात वाचू दे. म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते आहे.

तुझीच आई,
सुभद्रा मोतीराम राखोंडे
मुक्काम पिंपळगाव राजा, तालुका खामगाव