नळाचं चित्र

पालघर, मंगळवार, १४ ऑगस्ट १९८४

जिंकले! डोंगरातल्या मुलांची बुद्धी जन्मतःच कमी, असं माझे कॉलेजातले सर अहवालात लिहिणार होते. त्यावरून पाड्यावरची आमची शाळा चौथीपर्यंतच ठेवायचं घाटत होतं. पुरावा काय, तर बुद्धिचाचणीतलं नळाचं अर्धवट चित्र. त्यात काय राहिलंय, ते मुलांना सांगता आलं नाही. पण नळ पाहिलाय कुणी?

आज सरांसमोर मी नांगराचं चित्र ठेवलं, जू मुद्दाम वगळलेलं. चौथीतली सुकरी बघताच हसली. "बाई, जू नाय! बैल कुठं बांधाल?" मग सगळीच ओरडली.

सरांनी नळाचं चित्र पुन्हा हातात घेतलं. एका नळावरून केवढा निकाल! शेवटी म्हणाले, "माझंच चुकलं. ते वाक्य मी काढतो."

सुकरी पाचवीत जाणार. मी शिकवणार!