वाकून आलेला पाहुणा

एलॉय दादा,

१. कोर्दोबाच्या रिवाजाप्रमाणे मे महिन्यात आम्ही फुलांचं अंगण बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी उघडलं.
२. काल रांगेतून तू आलास, निळ्या कुंड्यांचे फोटो काढलेस.
३. मी तुला ओळखलं आणि "पुढे सरका" म्हणाले.

बाबांच्या अंत्यविधीला तू आला नव्हतास, तो राग आड आला. वाटलं, फक्त मीच ओळखलं. संध्याकाळी आई काठीला बांधलेल्या डब्याने भिंतीवरच्या उंच कुंड्यांना पाणी घालताना म्हणाली, "आपल्या बुटक्या दाराला परक्यांची डोकी आपटतात. तो टोपीवाला घरच्यासारखा वाकून आला. मेल्याने जेवून तरी जायचं!"

तू कुठे उतरलास हे मी विचारलं नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच आहे; पुन्हा रांगेत दिसलास तर हातात देईन.

दार रविवारपर्यंत उघडं आहे. जेवायला येणार का, शुक्रवारपर्यंत कळव.

रेमेदियोस